उंदरांवरचं औषध

परभणीच्या स्टँडवरून निघालेली एस.टी. अर्धी रिकामीच होती. दीपिकाला खिडकीची जागा मिळाली, पण ताडकळस येईपर्यंत ती एकदाही पाठ टेकून बसली नाही. मांडीवर स्टीलचा थर्मास होता. गाडीतल्या कुणाचा तरी त्याच्यावर डोळा असावा, तसा तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता. थोड्या थोड्या वेळानं ती त्याचं झाकण सैल करी, आत बोट घालून बघे आणि पुन्हा घट्ट लावी. बर्फ होता अजून.

शेजारी भाजीची रिकामी पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं ते तीन-चारदा बघितलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "चहा हाय का गं बाई त्यात? घोटभर दे की. सकाळपून हिंडायले मी."

"चहा न्हाई मावशी. औषध हाय."

बोलून गेली आणि तिची तिलाच शरम वाटली. बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती तपकिरी काचेची बाटली करंगळीएवढी होती, आणि तिच्यात जे होतं ते अजून औषध नव्हतं. ते आजवर काचेच्या प्लेटमधल्या पेशींना दिलं गेलं होतं आणि थोड्या उंदरांना. माणसाच्या अंगात त्याचा थेंबही कधी गेला नव्हता. पुण्याच्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरमधून ती बाटली दीपिकानं कुणाला न विचारता काढून आणली होती.

गेली चार वर्षं ती ज्या कामात बुडालेली होती ते घरी कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत सारखी प्रथिनं बनत असतात आणि बिघडतही असतात. बिघडलेल्या प्रथिनावर पेशी एक खूण डकवते आणि प्रोटिएसोम नावाच्या यंत्रात घालून त्याचे तुकडे करून टाकते. त्या यंत्राच्या तोंडाशी काही प्रथिनं बसलेली असतात. ती खूण ओळखतात आणि माल आत ओढतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. ल्युकेमियाची पेशी बेफाम वाढते, म्हणून तिच्यात कचराही बेफाम साठतो, आणि हे यंत्र तिला साध्या पेशीपेक्षा जास्त राबवावं लागतं. त्यातल्या आरपीएन-थर्टीन या एका रिसेप्टरला अडवून धरणारं रसायन दीपिकाच्या हाती होतं. कचरा साठला की पेशी आतल्या आत गुदमरून मरते, असा सगळा हिशेब होता.

तिनं हे काम निवडलं तेव्हा घरात कुणाला काही झालेलं नव्हतं. थोरला भाऊ महारुद्र मेंढरं घेऊन गोदाकाठापर्यंत पायी जायचा आणि पायीच यायचा. गेल्या पावसाळ्यात त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. अंगावर निळे डाग उठले. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा रक्ताचा कॅन्सर निघाला. केमोच्या पहिल्या फेरीत तो वाचेल की नाही अशी गत होती, पण वाचला. दिवाळीला घरी आला तेव्हा डोक्यावर केस नव्हते, पण रक्तात कॅन्सरही दिसत नव्हता. अजून फेऱ्या बाकी आहेत, चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

त्याच दिवाळीत सगळे फराळाला बसलेले असताना दीपिका बोलून गेली होती, "दादा, आमच्या प्लेटमधल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या. सगळ्या. मी डोळ्यांनी बघितल्या." तिच्या प्रयोगाला तेव्हाच यश आलेलं होतं आणि आनंद तिच्या पोटात मावत नव्हता. महारुद्रनं ते सगळ्या गावाला सांगितलं. आमच्या दीपीनं कॅन्सरचं औषध काढलं. आणि दवाखान्याच्या पुढच्या फेऱ्यांना तो गेलाच नाही.

माघात रोग उलटला. आता दवाखान्याचं नाव काढलं तरी तो तोंड फिरवायचा. "त्यांच्या औषधानं मला आतून भाजून काढलं. तुझं दे, न्हाईतर हितंच बरं हाय," एवढंच तो फोनवर म्हणाला होता.

म्हणून हा थर्मास.

ताडकळसला उतरून ती गावाकडच्या जीपमध्ये बसली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, मधेच उपटून ठेवलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग. घर गावाच्या कडेला, मेंढरं कोंडायच्या जाळीला लागूनच. भिवराबाई दारातच उभ्या होत्या. लेकीनं वाकून पाया पडायच्या आधीच त्यांचे डोळे थर्मासावर गेले.

"आणलंस का माय?"

"आणलं."

भिवराबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. आतून वहिनी आली. राजेश्रीनं पाण्याचा तांब्या पुढं केला खरा, पण बोलणं सरळ मुद्द्याचंच. "शेजारच्या पार्वतीबाईच्या फ्रिजात जागा करून ठिवलीय. त्येंनी दूध खाली काढलं. पर आधी टोचून घ्यावं का? तुमी म्हणताल तसं, दीपाताई."

महारुद्र खाटेवर बसला होता. दीपिकानं त्याला दिवाळीनंतर पाहिलं नव्हतं. एवढा धिप्पाड माणूस, पण आता सदरा त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. नाकात कापसाचा बोळा. तरी तिला बघून तो हसला आणि काही बोलायच्या आत डाव्या हाताची बाही वर सरकवायला लागला.

"कुठं देतीस? दंडात का कमरेत? मेंढराला मी पाठीवर कातडं उचलून देतो, पर माझं कातडं आता उचलायला सुदीक राह्यलं न्हाई."

"थांब दादा. आधी चहा तर पिऊ दे."

"चहा काय पळून जायला का? दे की."

दीपिका त्याच्याजवळ बसली. सिरींज बॅगेत होती, सुया होत्या. उंदराच्या वजनावरून माणसाच्या वजनाचं माप तिनं गाडीत शंभरदा काढलं होतं. तिला वाटत होतं, हा काहीतरी विचारील. याआधी कुणाला दिलंय, काय होतं दिल्यावर, दुखतं का, मरतं का माणूस. त्यानं विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि तो नको म्हणाला असता, आणि ती सुटली असती.

"दादा, तुला कायच ईचारायचं न्हाई का?"

"मी काय ईचारू? तू शिकलीस ना?" हात तसाच पुढं धरून तो म्हणाला. "तू काय माझ्या वाईटावर हायस का?"

दंडावर जांभळे डाग होते. एक जुना, कडेनं पिवळा पडत चाललेला. एक ताजा. दीपिकानं त्याची बाही हळूच खाली ओढली.

"आज नको. प्रवासात हादरलंय ते. ठरू दे जरा. उद्या बघू."

हे खोटं होतं. राजेश्रीला ते कळलं की काय कोण जाणे, ती थर्मास घेऊन पार्वतीबाईकडं गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दीपिकाचा पाय घरात ठरेना. जाळीपाशी जाऊन आली. मेंढ्यांची वीण चालू होती. कालच जन्मलेलं एक कोकरू लटपटत उभं राहत होतं आणि राजेश्री त्याला आईच्या कासेला लावत होती. तिथंही दीपिकाला उभं राहवेना. ती बांधाबांधानं चालत ज्वारीच्या पलीकडं गेली, परत आली, पुन्हा गेली. मनात एकच घोळत होतं. दिलं तर काय होईल आणि नाही दिलं तर काय होईल.

फोन वाजला. प्रयोगशाळेतली मैत्रीण, संघप्रिया.

"दीपिका, कुठायस?"

"घरी."

"ऐक. दिवाळीच्या आधीच्या तुझ्या पेशी आठवतात? त्या प्लेटा टाकून दे म्हणाली होतीस. मी टाकल्या नव्हत्या. आपलं रसायन घालत, तशाच इनक्युबेटरमध्ये ठेवल्या होत्या."

"मग?"

"मेल्या नव्हत्या त्या. म्हणजे सगळ्या मेल्या नव्हत्या. मूठभर उरल्या होत्या आणि त्या रसायनातच वाढायला लागल्या. आता प्लेट भरलीय. मी त्यांची प्रथिनं काढून बघितली. तुझं रसायन थर्टीनला बरोबर चिकटलंय, तो बंदच आहे. पण शेजारचा रिसेप्टर, टेन, तो भरमसाट वाढलाय. सगळा कचरा त्याच्या हातून आत जातोय."

दीपिका बांधावर खाली बसली. ढेकळं टोचत होती ते तिला कळलंही नाही. चार वर्षं एका दाराला कडी घालण्यात गेली आणि शेजारी दुसरं दार उघडंच होतं.

"आणखी एक," संघप्रियाचा आवाज खाली आला. "फ्रीझरमधली एक बाटली कमी आहे. मॅडमना अजून कळलं नाही. भावाला दिलंस?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही. देणार होते."

"देऊ नकोस गं. अगं, निरोगी माणसाच्या हाडांतल्या मज्जेवर, रक्त बनतं तिथं, आपण ते एकदाही लावून बघितलेलं नाही. तुझ्या भावाच्या मज्जेत थोड्याफार चांगल्या पेशी उरल्या असतील, त्याच आधी गेल्या तर? आणि कॅन्सरच्या तेवढ्या पुन्हा माजल्या तर?" थोडं थांबून ती म्हणाली, "मला कळतंय तुझं काय होत असेल ते. पण देऊ नकोस."

दीपिका घरी आली ती सरळ खाटेपाशी गेली. थांबली असती तर पुन्हा धीर झाला नसता.

"दादा, ते औषध मी देणार न्हाई. ते चालत न्हाई. आजच फोन आलाय."

महारुद्रनं मान हलवली, जणू बाजारात एखाद्यानं ठरलेला सौदा मोडला. "बरं," तो म्हणाला. "मंग मी बी दवाखान्यात जात न्हाई." आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

राजेश्री दारात होती. हातात कोकराला पाजायची दुधाची बाटली. "चालत न्हाई तर आणलं कामून मंग?" तिनं विचारलं. राजेश्री वळून निघून गेली.

जेवणं कशीबशी झाली. बाटली आता या घराच्या आसपासही नको, असं दीपिकाच्या मनानं घेतलं. ती पार्वतीबाईकडं गेली. फ्रिज उघडला. दूध होतं, मिरच्या होत्या, बाटली नव्हती.

"राजेश्री घेऊन गेली की," पार्वतीबाई म्हणाल्या. "बाजारला चाललेव म्हणाली. ताडकळसचा बाजार हाय ना आज. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

पार्वतीबाईंच्या सुनेची स्कूटी दारात उभी होती. दीपिकानं किल्ली मागून घेतली आणि ती निघाली. रस्ता उखडलेला, समोरून कापसाचे ट्रॅक्टर, आणि तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र: जांभळ्या डागांचा दंड आणि कुणा परक्याच्या हातातली सुई. एका वळणावर गाडी घसरता घसरता वाचली.

ताडकळसला बाजार भरून वाहत होता. शेळ्या, बोकड, कांद्याचे ढीग, बांगड्यांची पालं, स्पीकरवर ओरडणारा कापडवाला. दीपिकानं गाडी एका टपरीला टेकवली आणि गर्दीत घुसली. राजेश्रीचं हिरवं पातळ तिला कुठंच दिसेना. हिरवी पातळं पन्नास दिसत होती. मग तिला आठवलं. बाजाराच्या पलीकडच्या टोकाला एकजण पत्र्याच्या खोलीत दवाखाना थाटून बसायचा. कुणाला सलाईन, कुणाला सुई. डॉक्टर होता की कंपाउंडर, कुणी कधी विचारलं नव्हतं. सगळ्या गावांत त्याच्या हाताला गुण आहे म्हणत.

राजेश्री तिथंच बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली. तिनं दीपिकाला येताना बघितलं आणि डबा पदराखाली घेतला.

"वैनी, बाटली दे."

"न्हाई देत. ते यायलेत सांजच्याला घरी. बोलणं झालंय. तुमचा हात थरथरायला, त्येंचा न्हाई थरथरत."

"त्येला म्हाईत तरी हाय का आत काय हाय?"

"तुमाला म्हाईत हाय ना? मंग तुमी सांगा."

दीपिका तिच्याशेजारी बसली. समोर रस्त्यापलीकडं कडब्याच्या दुकानात कुट्टीचं यंत्र चालू होतं. एक माणूस पेंढी सोडून तोंडात सारत होता, खालून बारीक कुट्टी पडत होती, धुरळा उडत होता. शेजारी दुसरा माणूस बिडी ओढत मोकळा बसला होता.

"ते यंत्र बघ वैनी. प्रत्येक पेशीत असंच एक असतं. नको झालेला माल कापून टाकतं. कॅन्सरच्या पेशीत हा माल लय निघतो, म्हणून तिला ते रातंदिस चालवावं लागतं. या बाटलीतलं औषध काय करतं, तर पेंढी घालणाऱ्याचे हात बांधतं. मला वाटलं, हात बांधले का यंत्र बंद. माल साठंल, पेशी मरंल. पर शेजारी दुसरा बसलेला हाय. ह्येचे हात बांधले का तो उठतो. चार दिस पेशी कमी होतात, मंग पयल्यापेक्षा जोरानं येतात. आज सकाळी कळलं मला."

राजेश्री यंत्राकडं बघत होती. "आज सकाळी कळलं," ती सावकाश म्हणाली. "अन् काल? काल म्हाईत नव्हतं तर काल कामून दिलं न्हाई?"

दीपिकानं मान खाली घातली. "काल बी ते माणसाला द्यायच्या लायकीचं नव्हतं. उंदरांवरचं औषध हाय ते. पुण्यातून निघतानाच मला म्हाईत होतं."

"मंग?"

"रिकाम्या हातानं कसं यावं ते कळंना मला."

राजेश्रीनं तिच्याकडं बघितलं आणि एकदम तिच्या पाठीत बुक्की मारली. जोरात. मग दुसरी. "दिवाळीला कामून बोललीस मंग? मेल्या, मेल्या, सगळ्या मेल्या म्हणून? तुझं ऐकूनच त्येंनी दवाखाना सोडला. मी पाया पडले, जा म्हणले. ते म्हणले, आपल्या दीपीचं औषध यायलंय, आता कामून भाजून घेऊ? तू पुण्याला गेलीस. त्येंच्या नाकातलं रगत मी पुसायले."

दिवाळीपासून घरात कुणी हे म्हटलं नव्हतं. भिवराबाईंनी नाही, महारुद्रनं नाही. दीपिकानं स्वतःशीसुद्धा ते एवढ्या उघड शब्दांत म्हटलं नव्हतं. बाकड्यावरची माणसं बघायला लागली होती. दोघीही रडत होत्या.

"माझ्यामुळंच झालं," दीपिका म्हणाली. "मी आज दादाला सांगते. जे हाय ते सगळं सांगते. पर बाटली दे."

राजेश्रीनं पदरानं तोंड पुसलं. आतून त्या सुईवाल्याचा माणूस आला आणि "चला, डाक्टर निघायलेत" म्हणाला. राजेश्री उठली. दीपिकानं तिचा पदर धरला.

"त्येंना म्हणावं राहू द्या," राजेश्री त्याला म्हणाली आणि डबा दीपिकाच्या मांडीवर ठेवला.

परत येताना राजेश्री मागं बसली होती. बाजारातून तिनं काहीच घेतलं नव्हतं. वाटेत ती एकदाच बोलली, "गाडी दमानं चालवा, दीपाताई."

महारुद्र जागाच होता. दीपिका खाटेच्या कडेला बसली आणि दिवाळीपासूनचं सगळं सांगितलं. प्लेट म्हणजे माणूस नव्हे. पेशी मेल्या म्हणाले ते अर्धं खरं होतं, आणि उरलेलं अर्धं मला बघायचं नव्हतं. बाटली चोरून आणलेली आहे. ती परत नेऊन देणार आहे.

तो ऐकत राहिला. मधे एकदा नाकातला बोळा बदलला. "मंग आता कशानं बरा व्हतोय मी?"

"तेच जुनं. आधी तेच भाजणारं औषध. त्यानं रोग दबला, तर दुसऱ्याच्या मज्जेतल्या पेशी तुझ्यात सोडायच्या. माझ्या जुळतील. पूर्ण न्हाई जुळल्या तरी अर्ध्यावर सुदीक करतात आता."

"खात्री?"

"न्हाई."

"दिवाळीला तर लय खात्री व्हती तुझी." तो हसला, आणि हसताना त्याला ठसका लागला. भिवराबाई पाणी घेऊन आल्या. पाणी पिऊन तो म्हणाला, "मेंढरं विणीला आलीत. मी गेलो तर कोण बघायचं? गेल्या बारीला बी तीच पंचाईत झाली."

"कोण म्हंजे?" राजेश्री दारातून म्हणाली. "मी काय मेली का? काल रातच्याला तीन कोकरं कुणी काढली? तुमी?"

महारुद्रनं बायकोकडं बघितलं, मग बहिणीकडं. दोघींचे डोळे सुजलेले होते आणि दीपिकाच्या सलवारीला बाजाराची धूळ होती. दोघींमधे काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

"परभणीहून गाडी कव्हा हाय?" एवढंच त्यानं विचारलं.

पुढचे महिने दीपिकाला नंतर आठवले ते तुटक तुटक. दवाखान्याचे काचेचे दरवाजे, तोंडाला मास्क, भावाचं पुन्हा टक्कल पडलेलं डोकं, त्याच्या तोंडातले फोड. या वेळेस रोग हटायला वेळ लागला. एकदा तर डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं आणि भिवराबाई आडवाटेच्या गाड्या बदलत आल्या, तोवर ताप उतरला होता. दीपिकाच्या पेशी अर्ध्याच जुळल्या. तिला सुया देऊन हाडांतल्या पेशी रक्तात आणल्या, मग एका दंडातून रक्त काढून यंत्रातून गाळलं आणि दुसऱ्या दंडातून परत घातलं. पिशवीत जे जमलं ते फिकट लालसर होतं. ती पिशवी महारुद्रच्या खाटेशी टांगली तेव्हा दीपिका काचेबाहेर उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर. त्याची रक्ततपासणी रोज व्हायची आणि रोज पांढऱ्या पेशी शून्यच असायच्या. एका सकाळी सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "दिसायला लागल्या." दीपिकाला आनंद झाला, पण तो आनंद तिनं कुणापाशी मोठ्यानं बोलून दाखवला नाही.

बाटली तिनं आधीच प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली होती. मॅडम चिडल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. "तुझ्या जागी मी काय केलं असतं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, "पण माझ्या जागेवरून मला हे सोडून देता येणार नाही." चौकशी झाली. फ्रीझरची किल्ली काढून घेतली. दुसऱ्या रिसेप्टरचं काम संघप्रियाकडं गेलं, आणि ते योग्यच होतं. प्लेट तिनं सांभाळली होती. वर्षभर दीपिका तिच्या हाताखाली काम करत होती. थर्टीन आणि टेन दोन्ही एकदम बंद केले तर ल्युकेमियाच्या पेशी मरत होत्या, पण निरोगी पेशीही फार काळ तग धरत नव्हत्या. त्यावर काय करायचं, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी फोनवर कुणी कामाचं विचारलं तर ती म्हणायची, "चालू हाय." त्यापुढं काही नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती गावी आली तेव्हा महारुद्र घरात नव्हता. "तिकडं हाय रस्त्यावर," भिवराबाई हात नाचवत म्हणाल्या. "घरात बसंना मेला. वर्षभर जनावराजवळ जायचं न्हाई म्हणून सांगितलंय, धुळीत जायचं न्हाई. तर सकाळपून दारात येरझारा."

दीपिका रस्त्याला गेली. डांबरी सडकेच्या कडेला महारुद्र उभा होता. डोक्यावर आखूड, विरळ केस आले होते. तोंडाला मास्क. खाली हरभरा काढलेल्या रानात राजेश्री मेंढरं चारत होती, खांद्यावर काठी, डोक्याला टॉवेल बांधलेला.

"वर घे, वर!" तो मास्क खाली ओढून ओरडला. "तिकडं ओलीचं हाय, पोटं फुगतील!"

राजेश्रीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"दादा, मास्क."

त्यानं मास्क वर केला. "ऐकती का बघ तुझी वैनी. सगळं तिच्या मनानं. एक मेंढी लंगडायली, दिसना तिला."

"तुझं मागच्या आठवड्याचं रक्त कसं आलं?"

"बरं आलंय म्हणले. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. परत बघू म्हणले." तो रानाकडंच बघत होता. "त्या डॉक्टरला ईचार की एकदा, लांबून चालायला तर हरकत न्हाई ना."

"ईचारते."

राजेश्रीनं शीळ घातली. कळप हलला आणि कालव्याच्या दिशेनं सरकायला लागला. महारुद्र थोडा वेळ चुळबुळत उभा राहिला. मग सडकेनंच, कळपाच्या बरोबरीनं पण दूर राहून, तोही चालायला लागला. दीपिका त्याच्या मागोमाग निघाली. त्याचं पाऊल अजून नीट पडत नव्हतं, तरी तिला त्याला गाठायला झपझप चालावं लागत होतं.